पोवळीची शेवटची धाव

माझं नाव पोवळी. अंगाचा रंग पोवळ्यासारखा तांबूस, म्हणून हनुमंतरावांनी ते ठेवलं. जात घोडीची, काम धावायचं. आता धावत नाही, त्याचीच ही हकीकत.

तमिळ मुलखातल्या अंदियूरच्या घोडेबाजारात मी आईच्या पोटाशी चिकटून उभी होते. शिंगरूच होते म्हणा ना. बघणारे सगळे दात बघायचे, खूर उचलायचे आणि पुढे जायचे. हनुमंतराव मात्र माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "येतेस काय आमच्या घरीं?" ती बोली बाजारात दुसऱ्या कुणाची नव्हती. कुंभकोणात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांशी ते तमिळ बोलत, घरात मात्र पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या पूर्वजांची जुनी मराठी. माझ्याशीही मराठीच. म्हणून मी स्वतःला घरचीच समजू लागले.

चोळपुरमच्या वाटेवर त्यांचा नारळीचा मळा आहे. तिथं माझा तबेला बांधला. पहिल्याच वर्षी माझं पोट फुगलं, मी जमिनीवर गडबडा लोळले. तेव्हा त्यांची मुलगी हरिणी धावत आली. ती जनावरांची डॉक्टर. हनुमंतरावांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, तिनं मानेत सुई टोचली आणि हळूहळू पोटातली आग विझली. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले : हे दोघं सुई घेऊन आले की बरं वाटतं. पुढे सुई दिसली की मी आपणहून मान पुढे करायचे.

मोठी झाले तशी मी दोन चाकांच्या हलक्या गाडीला जुंपून धावू लागले. गावोगावच्या शर्यतींत रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी राहत, ओरडत. गाडी हाकायला नटराज असे. तो चाबूक हवेतच फिरवी, मला कधी लागू देत नसे. मला धावायला आवडायचं, हे खोटं सांगत नाही.

यंदा पोंगलच्या आधी सराव करताना माझ्या पुढच्या उजव्या पायाची शीर दुखावली. हरिणीनं पाय चाचपला आणि वडिलांकडे वळली.

"अप्पा, हिला पळवूं नका. सहा महिने तरी विश्रांती हवी."

"शर्यत तोंडावर आली आहे गो. सगळ्या पेठेला सांगून बसलों. दुखणें थांबायचें औषध दे की."

"दुखतें म्हणून ती पाय जपून टाकते. तें दुखणेंच मारलें तर तिला थांबवील कोण? आणिक यंदा शर्यत मंडळाचा नियम आहे. रक्त तपासणार. औषध घातलेला घोडा चालत नाहीं."

गेल्या वर्षी एक घोडा औषधाच्या जोरावर धावता धावता रस्त्यातच कोसळून मेला होता. त्यानंतर झालेला तो नियम. हनुमंतराव माझ्या पाठीवर थोपटून निघून गेले. मला वाटलं, ऐकलं त्यांनी.

शर्यतीच्या सकाळी ते एकटेच तबेल्यात आले. हातात सुई होती. हरिणी कुठे दिसेना, पण मला शंका आली नाही. मी मान पुढे केली.

"येवढी एक धांव काढ, कण्णु, माझी लाडकी. मी काय तुझें वाईट करीन काय?"

थोड्या वेळानं पायातलं दुखणं नाहीसं झालं. पाय इतका हलका वाटला की मी आनंदानं खूर आपटले. नटराजनं विचारलं, "पाय बरा झाला का मालक?" हनुमंतराव म्हणाले, "झाला."

मी धावले. सगळ्यांच्या पुढे धावले. शेवटच्या वळणावर पायात काहीतरी तटकन तुटलं. मला आवाज आला, पण दुखलं नाही. दुखलं असतं तर थांबले असते. मी त्याच पायावर भार देत शेवटची खूण ओलांडली. लोकांनी हनुमंतरावांना खांद्यावर घेतलं. इकडे नटराज माझ्या लोंबत्या पायाकडे बघून गुडघ्यावर बसला आणि "अय्यो, अय्यो" करत राहिला.

रक्त तपासल्यावर औषध सापडलं. मंडळाची माणसं मळ्यात चौकशीला आली. पायाला जाड पट्टी बांधून मी तिथंच उभी होते. हरिणीही आली होती. हनुमंतराव त्यांना तमिळमध्ये म्हणाले, "मी भांडी विकणारा माणूस. औषधातलं मला काय कळतं? डॉक्टर माझी मुलगी. तिनंच उपचार म्हणून दिलं."

हरिणीचा चेहरा उतरला. मंडळातल्या एकानं तिला बजावलं, "विचार करून बोल अम्मा. तुझी डॉक्टरकी जाऊ शकते."

तेव्हा हनुमंतराव तिच्याकडे वळले आणि आमच्या घरच्या बोलीत हळूच म्हणाले, "हो म्हण, हरिणी. मागाहून मी सगळें निस्तरतों. घरची अब्रू आहे." पाहुण्यांपैकी कुणाला ते कळलं नाही. मला कळलं. ज्या बोलीनं मला बाजारातून घरी आणलं, ती बोली अशा कामालाही येते, हे मला ठाऊक नव्हतं.

हरिणी वडिलांकडून मंडळाच्या माणसांकडे वळली. मग तिनं उत्तर दिलं ते तमिळमध्ये, सगळ्यांना कळेल असं. "मी औषध दिलं नाही. हिला पळवू नका, असं सांगितलं होतं. आणि आत्ता अप्पा मला खोटं बोलायला सांगतायत."

माझं पहिलं येणं रद्द झालं. हनुमंतरावांना शर्यतींची बंदी झाली. बापलेकींचं बोलणं तुटलं. ते मला विकायला निघाले होते. मोडक्या पायाची घोडी कोण कशाला नेतो, ते सांगायला नको. हरिणीनं मला दारासुरमला आपल्या घरामागे आणून बांधलं. शेजारी दिवसभर विणकरांच्या मागांची खटखट चालते. मी तीन पायांवर भार देऊन ती ऐकत उभी असते.

परवा पाय सुजला, ताप चढला. हरिणी औषध घेऊन आली. तिच्या हातातली सुई दिसताच मी मागे सरले, भिंतीला धडकले, दात विचकले. "पोवळी, मी आहे गो," ती म्हणाली. ती आहे हे मला दिसत होतं. तरीही मान पुढे होईना. शेवटी ती सुई बाजूला ठेवून माझ्यासमोर गवतात बसली आणि रडली.

पायाचं मी सोसेन. पण जिनं मला कधी फसवलं नाही, तिच्या हातालाही आता मी भिते, हे कुणी करून ठेवलं?

आमच्या शर्यती बघायला तुम्ही हौसेनं येता. या. पण एखादा घोडा मध्येच थांबला तर त्याला शिव्या घालू नका. त्याला दुखत असेल. दुखू द्या. थांबू द्या.