खिळ्यावरून उतरलेले ओगराळे

मी एक जुने ओगराळे आहे. तांब्याचे, आतून कल्हई केलेले, हातभर लोखंडी दांड्याचे. रोक्कालूपा गावच्या शाळेतल्या स्वयंपाकघरात, चुलीच्या डाव्या हाताला, एका चौकोनी खिळ्यावर माझा मुक्काम असतो. माझ्या काठावर एक खाच आहे. ती पाहून शाळेत नवी आलेली मुले हमखास विचारतात, "हे फुटलंय का?" मित्रांनो, मी फुटलेले नाही. ती खाच माझा दागिना आहे, आणि तो मला कसा मिळाला आणि पुढे कसा उपयोगी पडला, तेच आज मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म गावच्या चौकात झाला. दर सप्टेंबरात एक कल्हईवाला डोंगर चढून यायचा आणि चौकातल्या कारंज्याजवळ भाता मांडायचा. शाळेचा एक हंडा बुडाशी फाटला होता. त्याच्याच तांब्यातून त्याने मला ठोकून काढले. काम झाल्यावर मला दगडावर हलकेच आपटून त्याने कान लावला आणि म्हणाला, "आवाज चांगला आहे." मला राग आला. ओगराळ्याची खोली पाहावी, दांडा पाहावा. आवाजाचे काय करायचे? पण तो शहाणा होता, हे मला फार पुढे कळले.

तेव्हा शाळेत सव्वाशे मुले होती. दुपारी एक वाजला की चणे घातलेली पास्त्याची आमटी मी ताटल्यांत वाढत असे. वरून तळलेल्या लाल मिरचीचा चुरा. मोठ्या पोरांना दीड ओगराळे, लहानांना एक, आणि लांबच्या वाडीवरून चालत येणाऱ्यांना, कोणी विचारू नये अशा बेताने, दोन. खिडकीतून मला शाळेचे फाटक दिसायचे. आईवडील फाटकापर्यंतच यायचे. बाप माणसे तिथे टोपी काढून उभी राहायची, गुरुजी सांगतील ते मान हलवून ऐकायची आणि पुन्हा टोपी घालून निघून जायची. आपल्याच लेकराच्या शाळेत त्यांना पाऊल टाकता येत नसे आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नसे.

मग पंचाहत्तर साली नवा कायदा आला. शाळेचे निर्णय आता शिक्षक आणि पालक मिळून घेणार होते. पालकांनी आपले प्रतिनिधी निवडायचे होते, आणि समितीचा अध्यक्ष पालकच असणार होता. मतदानाच्या दिवशी लोक ठेवणीतले कपडे घालून आले. एकाने तर लग्नातला कोट घातला होता आणि तो पोटावर बंद होत नव्हता. अध्यक्ष म्हणून काताल्दो निवडून आला. तो गवंडी होता. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या होत्या, पण त्याला अक्षर म्हणून वाचता येत नव्हते.

पहिली सभा माझ्या स्वयंपाकघरात भरली, कारण फेब्रुवारीत तेवढी एकच खोली गरम असायची. मोठ्या गुरुजींनी कागद काढले आणि भरभर वाचायला घेतले. दोन दोन पाने एकदम उलटत होती. पालक हात गुडघ्यांवर ठेवून, फाटकाशी हलवत तशाच माना हलवत होते. तेवढ्यात काताल्दो उठला, त्याने मला खिळ्यावरून उतरवले आणि बिडाच्या हंड्याच्या काठावर असे हाणले की माझ्या काठाला खाच पडली. आवाज अंगणापर्यंत गेला.

"काय झालं, काताल्दो?" गुरुजींनी चष्म्यावरून पाहिले.

"काही नाही, गुरुजी. तुम्ही घोड्यावर आहात आणि आम्ही पायी. जरा हळू."

"अहो, हे सगळं वाचायचं म्हटलं तर जेवणं राहतील."

"राहू देत. मला वाचता येत नाही हे गावाला ठाऊक आहे, पण ऐकायला मला चांगलं येतं. हे ओगराळं मी टेबलावर ठेवलंय. सगळे कागद वाचून झाल्याशिवाय ते खिळ्यावर जाणार नाही. आणि ते खिळ्यावर गेल्याशिवाय कोणी सही करणार नाही. मी तर नाहीच."

एका आईने पदरात हसू दाबावे तसे रुमालात दाबले. गुरुजी लालबुंद झाले, पण पहिल्या पानावर परत आले. आणि काय सांगू, मित्रांनो, तिसऱ्या कागदात निघाले की वर्गातली शेगडी आठ वाजता पेटवायची. वाडीवरची मुले साडेसातला ओल्या पायांनी येऊन कुडकुडत बसत होती, हे त्यांच्या आयांना ठाऊक होते, गुरुजींना नव्हते. त्या दिवसापासून शेगडी सातला पेटू लागली. सभा संपल्यावर काताल्दोने मला पुसून खिळ्यावर टांगले. त्या वेळी मला जो अभिमान वाटला तो आजही गेलेला नाही.

पुढे तो रिवाजच पडला. मी उतरले की सभा सुरू, मी चढले की सह्या. पालकांनी मिळून सहलीचे दिवस ठरवले, ग्रंथालयासाठी खोली मिळवली, आणि दर महिन्याला दोन पालकांनी मुलांचे जेवण चाखून पाहायचे असेही ठरवून घेतले. काताल्दोची मुलगी नुन्झिया मोठी होऊन इथेच स्वयंपाकीण झाली. मला घासताना ती खाचेवरून बोट फिरवायची आणि बापाची आठवण काढायची.

पण चांगले दिवस फार दिवस नवे राहत नाहीत. काताल्दो गेला. लोक शहरांकडे गेले, मुले सव्वाशेवरून सेहेचाळीसवर आली. सभा नव्या मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या खोलीत हलली आणि तिथे विजेची घंटा बसली. मी फक्त आमटी वाढत राहिले. पालक म्हणू लागले, "आपल्याला त्यातलं काय कळतं? बाई बघतील." शेवटच्या निवडणुकीला नऊ जण आले होते, त्यातले दोघे व्यायामशाळेची चावी मागायला. अध्यक्षपदाला कोणीच उभे राहीना, तेव्हा केशकर्तनालय चालवणाऱ्या रोसाल्बाच्या गळ्यात ते पडले. तिची धाकटी दुसरीत होती. बाई मनाने सोन्यासारखी, पण सदा घाईत.

ऑक्टोबरातल्या सभेच्या दिवशी तर तिच्या दुकानात एक नवरी केसांना गुंडाळ्या लावून बसली होती. रोसाल्बाने उभ्या उभ्या सात कागदांवर सह्या केल्या आणि पळत गेली. बाकीच्यांनीही तेच केले. मला कोणी उतरवले नव्हते.

दोन आठवड्यांनी दोन माणसे मोजपट्टी घेऊन स्वयंपाकघरात आली आणि चूल मोजू लागली.

"कशासाठी?" नुन्झियाने विचारले.

"काढून न्यायचीय. जानेवारीपासून जेवण खालच्या खोऱ्यातल्या मोठ्या स्वयंपाकगृहातून येणार. सात गावांचं एकत्र. तुमच्या समितीनंच तर मान्य केलंय."

नुन्झियाने हातातला कांदा खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षे ती इथे रांधत होती. कोणाला अंडे चालत नाही, कोण घरून उपाशी येते, हे तिला तोंडपाठ होते. तिने मला खिळ्यावरून काढले, रस्ता ओलांडला आणि तडक रोसाल्बाच्या दुकानात शिरली. कल्हईचे दिवस सोडले तर मी पहिल्यांदाच शाळेबाहेर पडले होते.

रोसाल्बाने सगळे ऐकले आणि खुर्चीत बसली. "सही माझीच आहे, नुन्झियाताई. मी वाचलंच नाही. आता मी काय तोंड दाखवू?"

"तोंड नंतर दाखव. आधी कान दाखव. माझ्या बाबांना वाचता येत नव्हतं तरी त्यांनी न वाचता काही जाऊ दिलं नाही. तुला वाचता येतं." आणि तिने मला आरशासमोर कंगव्यांमध्ये ठेवले. "हे घे. सभा बोलाव."

ती सभा मी कधी विसरणार नाही. रोसाल्बाने घरोघरी फोन केले, दुकानात आलेल्या प्रत्येकीचे डोके धरून तिला सगळे सांगितले. ओल्या केसांनी कोण पळून जाणार? स्वयंपाकघरात माणूस मावेना. नगरपालिकेत शाळांचे काम पाहणारे साबिनोसाहेबही कडक इस्त्रीचा कोट घालून आले. माणूस वाईट नव्हता, फक्त नव्या गोष्टींवर त्यांचा फार जीव.

रोसाल्बाने मला हंड्यावर आपटले. इतक्या वर्षांनी माझा आवाज मलाच ऐकू आला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "ती मी सगळ्यांसमोर कबूल करते. आणि आता हा कागद पहिल्या ओळीपासून वाचते."

"रोसाल्बाबाई, नऊ पानं आहेत," साबिनोसाहेब म्हणाले. "सही ती सही. आता वाचून काय होणार?"

"होईल ते होईल. ओगराळं टेबलावर आहे, साहेब. बसा."

ती वाचत गेली. पाचव्या पानावर एक आजोबा घोरू लागले. सहाव्यावर साहेबांनी घड्याळ पाहिले. आणि सातव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, रोसाल्बा अडखळली. तिने ती ओळ पुन्हा वाचली, आता सावकाश: शाळा समितीने जेवण चाखून मान्यता दिल्यानंतरच ही व्यवस्था पक्की समजावी.

सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. साहेब म्हणाले, "मी स्वतः चाखलंय. तिथे जाऊन. उत्तम होतं."

"तुम्ही समितीत नाही, साहेब," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. त्या इतका वेळ खाली मान घालून होत्या, कारण घाईघाईत पाने पुढे सरकवणारा हात त्यांचाच होता. "आणि कुठे चाखायचं, ते कागदात लिहिलेलं नाही."

"मग इथेच," रोसाल्बा म्हणाली. "गुरुवारी, एक वाजता, मुलांच्या पंगतीत. साहेब, तुम्हीही या."

साहेब हसून हो म्हणाले. त्यांना खात्री होती.

गुरुवारी खोऱ्यातून गाडी निघाली. आमच्या घाटाला एकतीस वळणे आहेत आणि त्या दिवशी वर गुरे आडवी आली होती. बंद डबे उतरवले, झाकण उघडले. पास्ता होता. डब्याच्याच आकाराचा, कोपरे धरून. नुन्झियाने मला साबिनोसाहेबांच्या हाती दिले. "तुम्हीच वाढा."

साहेबांनी मला आत रोवले आणि हात काढला. मित्रांनो, मी त्यात उभे राहिले. कोणीही न धरता, ताठ. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मुलांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग साहेबांकडे, आणि मग जी हसू लागली ती थांबेचनात.

साहेबांची नात ओर्नेल्ला त्याच पंगतीत बसली होती. आजोबांनी दोन घास घेऊन काटा खाली ठेवताच ती म्हणाली, "आजोबा, पानात टाकायचं नाही. घेतलं की संपवायचं. नुन्झिया मावशी ओरडते."

साहेबांनी संपवले. सगळे. मग तोंड पुसून म्हणाले, "खाली चाखलं तेव्हा असं नव्हतं हो."

"खाली तुम्ही खाल्लंत, साहेब," नुन्झिया म्हणाली. "मुलं वर खातात."

तिथेच सभा बसली. समितीचे चौदा सभासद: पालक, शिक्षक, शाळेचा शिपाई आणि मोठ्या बाई. रोसाल्बाने ठराव मोठ्याने वाचला, एकही शब्द न गाळता. चूल इथेच राहील, जेवण इथेच शिजेल. चौदा हात वर गेले. खिडक्यांतून डोकावणाऱ्या आईबापांनीही हात वर केले, त्यांना मत नव्हते तरी. रोसाल्बाने मला धुतले, पुसले, खिळ्यावर टांगले आणि मग सही केली. सही करताना ती हसत होती. त्या क्षणी मला कल्हईवाल्याची आठवण झाली. आवाज चांगला आहे, तो म्हणाला होता.

पुढच्या निवडणुकीला मतदानाची रांग जिन्यावरून अंगणात गेली. साबिनोसाहेबांनी शाळेला एक चकचकीत स्टीलचे ओगराळे भेट पाठवले. आमटी आता ते वाढते, माझे मनगट थकले आहे. दिसायला ते देखणे आहे. पण एकदा सभेत त्याला हंड्यावर आपटून पाहिले, तेव्हा सगळ्यांनी कानांवर हात ठेवले आणि मला बोलावले.

मित्रांनो, मला चकाकी नको. दर वर्षी कल्हई झाली नाही तरी मी रागावणार नाही, आणि माझी खाच तर मुळीच ठोकून सरळ करू नका. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्याही शाळेत कागद येतील, सह्या मागितल्या जातील, आणि कोणाच्या तरी दुकानात नवरी खोळंबलेली असेल. त्या दिवशी आईबाबांना फाटकापाशी थांबू देऊ नका, हात धरून आत आणा. आणि सभा सुरू करण्याआधी मला खिळ्यावरून उतरवायला विसरू नका.