फ्रीजच्या आडून नऊ वर्षं

अहो, थांबा, बसू नका! बसायच्या आधी माझा मागचा डावा पाय बघा. दिसला? नाही ना? कारण तो नाहीच. मी तीन पायांचं स्टूल बोलतोय. जन्मतः चार होते, तेव्हा 'बिचारं' म्हणून बघू नका. चौथा कसा गेला तेच सांगायचंय, आणि भंगारवाला यायच्या आत सांगायचंय, म्हणून नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नाही.

माझा जन्म साच्यातला. गरम प्लास्टिक आत गेलं, वरून दाब पडला आणि मिनिटभरात मी तयार. माणसांना नऊ महिने लागतात आणि त्यापुढे नीट बसता यायला आणखी सहा-सात. आम्ही पहिल्या दिवसापासून कामाचे. रंग लाल, मध्ये एक भोक, पोटाला चिकटवलेली चिठ्ठी: 'भार शंभर किलो'. दुकानात आम्ही अकरा भाऊ एकमेकांच्या डोक्यावर बसून असायचो. एकत्र कुटुंब म्हणजे काय ते मला तिथेच कळलं. जो वर असतो त्याला हवा लागते, जो खाली असतो त्याला कुणी विचारत नाही.

मी वरचा, म्हणून लवकर विकलो गेलो. मला आईने घेतलं. माझी आई नव्हे, या घरातली आई. मला साच्याशिवाय कुणी नाही, म्हणून मीही तिला आईच म्हणतो. माळ्यावरच्या पेट्या काढायला म्हणून तिने मला आणलं. पेट्या त्याच दिवशी काढून झाल्या. मग मला स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं, 'तात्पुरतं'. या घरात तात्पुरतं म्हणजे काय ते पुढे नऊ वर्षं मी भोगलं.

घरात माणसं चार. आई सकाळी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं देते-घेते आणि चारला घरी येते. बाबा पाणीपुरवठा खात्यात आहेत. दिवसभर लोकांच्या घरचे मीटर वाचतात आणि संध्याकाळी सोफ्यावर बसून देशाचं पाणी जोखतात. थोरला मुलगा एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करतो, त्यामुळे घरातल्यांच्या तक्रारी ऐकायचं त्राण त्याच्यात उरत नाही. आणि धाकटी कॉलेजात जाते. कुठल्या नटाचं कुणाशी बिनसलं, हे त्या नटाच्या आधी तिला कळतं.

सोफा तीन जणांचा. बाबा खिडकीकडे, थोरला मध्ये लॅपटॉप घेऊन, धाकटी या टोकाला पाय वर घेऊन. बसा म्हणायचीही गरज नाही, जागा ठरलेल्या. चौथं माणूस माझ्यावर. माझे दोन पाय स्वयंपाकघरात आणि दोन हॉलमध्ये. तिथून डावीकडे शेगडी दिसते आणि समोर टीव्ही. म्हणजे अर्धा टीव्ही. उजवी बाजू फ्रीजच्या आड जाते.

मला पुढे सरकवलं तर शेगडी दिसत नाही आणि वाट अडते. मागे सरकवलं तर टीव्हीच दिसत नाही. फ्रीज हलवायचा, तर त्याची वायर तेवढीच. टीव्ही हलवायचा, तर तो बाबांनी पाणसळ लावून, पातळी बघून, भिंतीत ठोकलेला. शेवटी सगळ्यांत हलवायला सोपी कोण? आई. ती बसली माझ्यावर.

मी आलो त्याच वर्षी रात्री आठची ती मालिका सुरू झाली. भलंमोठं घर, तीन सुना, एक सासू, आणि झोपतानाही कुणी दागिने काढत नाही. आईने नऊ वर्षं तिची डावी बाजू पाहिली. ऐकू सगळं यायचं, म्हणून गाडी कशीबशी चालायची. पण घोळ व्हायचेच. मधल्या सुनेने सासूच्या औषधात काहीतरी मिसळलं, तेव्हा बाटली होती उजवीकडच्या टेबलावर. जगाने बाटली पाहिली. आईने पाहिलं ते एवढंच, की मधली डावीकडे भिंतीशी उभी राहून रडतेय. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मावशी म्हणाल्या, "मधली म्हणजे महाबिलंदर हो!" आई म्हणाली, "छे, साधी आहे पोर. मी रोज बघते ना." आठ दिवस दोघींचा अबोला.

हसू नका. बाबांना पडदा अख्खा दिसतो, पण त्यांचं चॅनेल एकच. शेजारच्या काकांचं दुसरं. दोघांची जिन्यात गाठ पडली, की तेही असेच भांडतात, आणि तिथे तर मध्ये फ्रीजसुद्धा नसतो.

तर, नऊ वर्षांनी बातमी आली की मालिका संपतेय. अर्थात धाकटीने आणली. आईने गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि हॉलमध्ये येऊन म्हणाली, "शुक्रवारी आठ ते नऊ मी सोफ्यावर बसणार. शेवटचा भाग मला पूर्ण बघायचाय. मधे चहा नाही, पाणी नाही, काही नाही."

"बस की! तुला कोण नको म्हणतंय?" बाबा म्हणाले. थोरल्याने मान हलवली. धाकटी म्हणाली, "मोबाइलवर नंतर बघ ना आई, आख्खा भाग येतो."

"शिळं मी वाढत नाही आणि बघतही नाही," आई म्हणाली. "शनिवारी सकाळी मावशी फाटकातच सांगून मोकळ्या होतील. नऊ वर्षं काढलीत मी. शेवट मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय."

माझ्यावर बसून ती कित्येकदा रडली, हसली, डुलकी काढली, पण असं काही मागताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आठवडाभर तिने तयारी केली. शुक्रवारचा स्वयंपाक गुरुवारीच अर्धा उरकला. मला तर वाटलं, घरात लग्न आहे.

आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! बुधवारी कुठल्याशा मंत्र्याने राजीनामा दिला. गुरुवारी तो म्हणे दिलाच नव्हता. तो घरात जाऊन बसला आणि बाबांच्या चॅनेलवाल्यांनी त्याच्या गेटसमोर मुक्काम ठोकला. दोन दिवस पडद्यावर एक बंद गेट. खाली लाल पट्टी: 'गेट अजून बंदच'. स्टुडिओत सहा जण त्या गेटवर तावातावाने भांडत होते. बाबा जेवताना गेटाकडे बघत होते, दाढी करताना आरशातून गेटाकडे बघत होते. आमच्या घराचं दार दोन दिवस कुरकुरत होतं, त्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

शुक्रवारी आठला पाच कमी असताना आई केस विंचरून हॉलमध्ये आली. सोफ्यावर तिघं आपापल्या जागी. बाबा म्हणाले, "दोनच मिनिटं गं. गेट हलल्यासारखं वाटतंय."

"वारा असेल," आई म्हणाली.

"वारा नाही. तज्ज्ञ सांगतायत."

आठ वाजले. आठ वाजून सहा मिनिटं झाली. थोरला कानाला फोन लावून कुणा ग्राहकाला 'आपली गैरसोय समजू शकतो' असं सांगत होता. धाकटी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, उभीच आहेस तर जरा पाणी देतेस?"

आईने पाणी दिलं. बाबांनी एकदाची मालिका लावली, पण रिमोट हातातच ठेवला, जाहिरात लागली की गेट बघायला. आई क्षणभर सोफ्याकडे बघत उभी राहिली. कुणी सरकेल म्हणून. कुणी वाईट नव्हतं हो त्यांच्यात, पण कुणाच्या ते डोक्यातच आलं नाही. मग ती वळली, दारात आली आणि मुकाट्याने माझ्यावर बसली.

मला भयंकर राग आला. प्लास्टिकला राग येतो का, असं विचारू नका. आठवडाभर 'हो हो' म्हणून या लोकांनी तिच्या तोंडाला पानं पुसली होती! आणि सगळ्यांत जास्त राग मला माझाच आला. मी तिथे होतो म्हणून तिला बसायला जागा होती, आणि तिला बसायला जागा होती म्हणून कुणाला सरकायची गरज नव्हती. नऊ वर्षं मला वाटत होतं, मी तिला आधार देतोय.

माझ्या मागच्या डाव्या पायाला चीर पडून सहा महिने झाले होते. थोरल्याने त्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. 'तात्पुरती'. त्या क्षणी तो पाय गेला. मी मुद्दाम सोडला, की सुटायची वेळच आली होती? बातम्यांत म्हणतात तसं, चौकशी सुरू आहे.

काडकन आवाज झाला आणि आई जमिनीवर. "आई गं!"

काय सांगू! सोफ्यावरची तिन्ही माणसं एकदम उठलेली मी पहिल्यांदाच पाहिली. थोरल्याने ग्राहकाला 'थांबा हो जरा!' म्हणून फोन फेकला. धाकटी रडायलाच लागली. बाबांचा चेहरा पांढराफटक. "लागलं का? कुठे लागलं? बोल ना गं!"

आई आपटली होती ती बसल्या जागी. एका हाताने तिने फ्रीजचं दार धरलं होतं, त्यामुळे फार काही नव्हतंच. सवयीने ती 'काही नाही झालं' म्हणणारच होती. ते शब्द ओठांपर्यंत आलेले मी पाहिले. मग तिने एकदा सोफ्याकडे पाहिलं. रिकाम्या.

"पाय," ती म्हणाली. "पाय दुखतोय फार."

तिघांनी तिला उचलून सोफ्यावर नेलं, बरोब्बर मध्ये बसवलं, पाठीला उशी दिली, पायाखाली दुसरी. "अजिबात हलायचं नाही," बाबांनी दम दिला, आणि काय द्यावं ते न सुचून तिच्या हातात रिमोट दिला.

शेवटचा पाऊण तास उरला होता. आईने तो अख्खा पाहिला, उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे. मधली सून किती बिलंदर आहे ते आईला सुनेच्या डोळ्यांत दिसलं, आणि ती पुटपुटली, "अगंबाई, मावशींचं खरं होतं." मी लवंडलेला होतो, तिघं सोफ्यामागे ओळीने उभे होते. उभ्याने टीव्ही बघायची त्यांना सवय नव्हती.

मग आईने विचारलं, "ती कोण गं? त्या खांबाशी, ट्रे घेऊन?"

"ती होय? ती पहिल्या भागापासून आहे," धाकटी म्हणाली.

"पहिल्या भागापासून? मला कशी नाही दिसली?"

"ती नेहमी उजवीकडेच असते ना."

"नाव काय तिचं?"

धाकटीला सगळ्यांची नावं माहीत होती, खऱ्या नवऱ्यांची, खोट्या नवऱ्यांची, नटीच्या कुत्र्याचंसुद्धा. तिने मोबाइलवर बोट फिरवून पाहिलं. "नाव नाहीये तिला. बोलायला काही दिलंच नाही कधी."

पडद्यावर सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं होतं. सासू, सुना, मुलं, अगदी विष घालणारीसुद्धा, एका मोठ्या सोफ्यावर फोटोसाठी दाटीवाटीने बसली होती. संगीत वर गेलं. आई वाकून बघत होती, पण त्यांच्याकडे नाही.

"अरे, तिला कुणीतरी बस म्हणा ना," ती म्हणाली.

मालिका संपली, नावांची यादी धावली. बाबांनी चॅनेल बदलायला सांगितलं नाही. गेट त्याच वेळात उघडलं होतं म्हणे. आतून माळी बाहेर आला, झाडांना पाणी घातलं आणि परत आत गेला. बाबांचं ते हुकलं.

मला बाल्कनीत काढून ठेवलं. दोन दिवस तिघं फार गोड वागले. धाकटीने भांडी घासली आणि घासताना स्वतःचा व्हिडिओ काढला. आईचा पाय चांगला रविवारपर्यंत दुखला. आणि रविवारी दुपारी तिघं बाहेर जाऊन काहीतरी मोठं गुंडाळून घेऊन आले. चेहऱ्यांवरून प्रेम नुसतं ओसंडत होतं. कागद फाडला. आत नवं स्टूल! पाठ असलेलं, वर गादी, दीडशे किलो झेलणारं.

"खास तुझ्यासाठी," बाबा म्हणाले, आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने नेऊन स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं. दोन पाय आत, दोन बाहेर.

आता भंगारवाला आलाय, त्याने मला उचललंय, तेव्हा मी आवरतं घेतो. माझी तुम्हाला विनंती वगैरे काही नाही. मला वितळवून बादली करतील, नाहीतर पुन्हा स्टूल. स्टूल केलं तर निदान जरा कच्चं करा, एवढंच साच्याला सांगणं आहे. घरात फार भक्कम वस्तू असल्या की माणसं जागची हलत नाहीत.

हॉलमधून मला नेत होते तेव्हा आई नव्या स्टुलावरून हात फिरवत होती. "छान आहे," ती म्हणाली. "भक्कम आहे. अहो, तुम्ही जरा बसून बघा बरं."

बाबा हौसेने बसले. आई लंगडत, म्हणजे त्या दिवसापुरतं लंगडत, सोफ्याकडे गेली, खिडकीकडच्या जागेवर टेकली आणि पाय वर घेतले. "तिथून दुधावर लक्ष ठेवा," ती म्हणाली आणि टीव्ही लावला.

बाबांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, स्टुलावरून उठल्यासारखं केलं. भंगारवाला मला घेऊन दाराबाहेर पडला तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, अगदी आश्चर्याचा.

"अगं, इथून तर अर्धंच दिसतंय!"

"हो," आई म्हणाली. "ऐकू मात्र सगळं येतं."