कोपऱ्यातली टोपली

संगणक शिकवायला आलेला माणूस रायपूरचा. तो म्हणाला, "बाई, आता पूर्वीसारखं काही पाठ करायचं नाही. पडदा म्हणजे तुमचं टेबलच समजा. लहान लेकरूही चालवेल." ज्याला जे येतं ते त्याला सोपंच वाटतं, त्यात नवल काय? वसुंधराबाईंना मात्र माउस हातात धरतानाच घाम फुटायचा.

बाईंचे यजमान श्यामराव मागच्या उन्हाळ्यात जेवता जेवता ताटावरच कलंडले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या जागी कारखान्याच्या स्टोअर ऑफिसात बाईंना अनुकंपा तत्त्वावर घेतलं. पण नोकरी पक्की व्हायची तर नव्या संगणकावर काम करून दाखवायचं, अशी अट होती. नाही जमलं तर नोकरी जाणार, आणि तिच्यामागे कारखान्यानं दिलेलं सेक्टर सहाचं क्वार्टरही. लेक रत्नमाला यंदा दहावीला. तिला घेऊन जायचं तरी कुठे?

म्हणून बाई खपल्या. स्टोअरमधल्या सामानाचा तक्ता एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप केला. उद्या सकाळी स्टोअरचे कृष्णराव साहेब तो संगणकावर बघणार होते. आता या ऑफिसची रीत अशी की, पूर्ण झालेला कागद टेबलाच्या कोपऱ्यातल्या तारेच्या टोपलीत ठेवायचा. शिपाई तो साहेबांकडे पोचवतो. पडद्याच्या कोपऱ्यातही तशीच एक टोपली होती. पडदा म्हणजे टेबल, असं तो माणूस सांगूनच गेला होता; टोपलीबद्दल मात्र चकार शब्द बोलला नव्हता. बाईंनी तक्ता माउसनं ओढत नेला आणि हलकेच टोपलीत सोडला. टेबल स्वच्छ करून त्या ऐटीत घरी आल्या.

"आज मी काम पूर्ण करून टोपलीत टाकून आली," पोळ्या लाटता लाटता त्यांनी लेकीला सांगितलं.

"कोणत्या टोपलीत?"

"पडद्यावरच्या. तिथून साहेबाकडे जाते ना."

रत्नमालानं कपाळावर हात मारला. "आई, वो तो कचरे का डब्बा है! आमच्या शाळेतल्या कम्प्युटरवर पण आहे."

बाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "अन् तो डब्बा खाली कधी करते?"

"मले काय माहीत? मॅडम तर हातच लावू देत नाही."

मन चिंती ते वैरी न चिंती. ऑफिसातला कचरा झाडूवाली ठकूबाई रोज सकाळी नेते. मशीनमधला कोण नेत असेल? त्याचीही काही वेळ ठरलेली असेल का? पोळी तव्यावर करपली. त्या रात्री बाईंना घास गेला नाही, की झोप लागली नाही.

सकाळी त्यांनी सायकल अशी हाणली की साडीच्या काठाला चेनचं काळं लागलं. ऑफिसात पोचल्या तर ठकूबाई कचऱ्याचे डबे रिकामे करून निघालेली. संगणक सुरू व्हायला युगं लागली. टोपलीत कागद दिसत होते. बाईंनी टोपली उघडली. तक्ता आत होता! त्याला हात लावायला गेल्या आणि घाईत भलतंच काहीतरी दाबलं गेलं. पडद्याच्या मधोमध एक पाटी उभी राहिली. मॅट्रिकच्या इंग्रजीवर बाईंनी ती दोनदा वाचली. हे कायमचं फेकून द्यायचं, अशी तुमची खात्री आहे का? खाली दोन बटणं: हो आणि नाही.

बाईंनी 'नाही' दाबलं. पाटी गेली. तक्ता जागचा हलला नव्हता. त्यांनी तो टोपलीतून ओढून पुन्हा टेबलावर आणून ठेवला, आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू एकदम फुटलं.

तेवढ्यात कृष्णराव साहेब आत आले आणि दारातच थबकले. "बाई, काय झालं? गेलं का सगळं?"

"नाही जी साहेब, सगळं आहे." बाईंनी पदरानं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून आले. "या मशीननं एक साधा तक्ता फेकायच्या आधी मले विचारलं. माझ्या घरचा माणूस नेला, तेव्हा कोणी विचारलं नाही जी."