शेळीचा शॉट

मूळ मल्याळम सिनेमात नायक विहिरीच्या काठावर नायिकेला प्रेमपत्र देतो आणि एक शेळी येऊन ते खाते. त्या शेळीला कुणी बोलावलं नव्हतं. ती शूटिंगमध्ये घुसली, पत्र खाल्लं, नायिकेला खरंखुरं हसू फुटलं आणि सिनेमा शंभर दिवस चालला. त्यामुळे तमिळ रिमेकचे निर्माते, युनिटचे मालक चिदंबरनाथन यांनी शूटिंगसाठी पोल्लाचीत उतरल्या उतरल्या बजावलं होतं : काहीही बदला, शेळी बदलायची नाही.

शेळीचं खातं सहायक दिग्दर्शक मरुदप्पनकडे आलं. वय अडतीस, अकरा वर्षं सहायकच. खांद्यावरच्या झोळीत स्वतःच्या सिनेमाची वही, तीही अकरा वर्षांची.

"शेळीचा शॉट होऊ दे, तंबी," मालक म्हणाले होते. "त्याच दिवशी तुझी कथा ऐकतो."

आज शेवटचा दिवस होता. चार वाजता मालक चेन्नईला निघणार होते.

तीन दिवसांत सात शेळ्या झाल्या. पत्राला गूळ लावून झाला, पेंड लावून झाली. प्रत्येक शेळी पत्र हुंगायची आणि मान फिरवायची.

"अण्णा," नायक म्हणाला, "यांनी मूळ सिनेमा पाहिलेला दिसतोय."

मरुदप्पनला हसायचेही कष्ट नको होते. तो विहिरीच्या काठावर टेकला. तेवढ्यात सातव्या शेळीनं त्याच्या झोळीत तोंड घातलं आणि वहीचं एक पान आवडीनं चघळायला घेतलं. अकरा वर्षांचा घाम, वड्यांचं तेल, चहाचे डाग. नव्या कोऱ्या पत्राला ही चव कुठून येणार?

"मरुदु, काय देतोयस तिला?" दिग्दर्शकानं मॉनिटरमागून विचारलं.

"माझ्या सिनेमाचा शेवट, सर."

"अजून आहे का?"

मरुदप्पननं वही पाहिली. मग क्लायमॅक्सची उरलेली दोन पानं फाडली. एक तालमीत गेलं. दुसरं नायकाच्या हातात असताना शेळीनं असं ओढलं की तोही सोबत चार पावलं गेला. नायिकेला हसू आवरेना. शॉट ओके झाला.

साडेतीनला मालकांनी गाडीचं दार उघडून त्याला आत घेतलं. शेवट तोंडपाठ होता. मरुदप्पन सांगत गेला, मालक ऐकत गेले. मध्यावर त्यांनी फोन बंद केला. शेवटी चष्मा काढून डोळे पुसले.

"कुठे चालला हा?"

"काय, सर?"

"सिनेमा. मूळ कुठल्या भाषेतला?"

"मूळ माझाच आहे, सर. अजून झालाच नाही."

मालकांनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. "अरेरे. मल्याळममध्ये होऊन गेला असता ना, तर डोळे झाकून हक्क घेतले असते. असं कर, आधी तिकडे होऊ दे. मग रिमेक तूच कर. शब्द दिला."

गाडी गेली. मरुदप्पन चहाच्या किटलीपाशी आला. चहावाला कुंजप्पन केरळातल्या पालक्काडचा.

"कुंजप्पा, शेळीला तुमच्या मल्याळममध्ये काय म्हणतात?"

"आडु. तुम्ही तमिळमध्ये म्हणता तेच."

"बरं झालं," मरुदप्पन म्हणाला आणि पेला पुढे केला. "एक शब्द शिकून झाला."