वाकलेलं कोपर

आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या मैदानावर बेसबॉलचा सामना शेवटच्या डावात आला, तरी फळ्यावर एकच धाव होती, आणि ती राजसच्या संघाची. समोरचे फलंदाज काही कच्चे नव्हते, पण नागपूरचा हा टेलिकॉम इंजिनिअर आज असा काही चेंडू टाकत होता की भले भले हवेला फटके मारून परत जात होते.

राजसला हा खेळ आवडला तोच मुळी इथे कोपर वाकवून फेकता येतं म्हणून. क्रिकेटमध्ये तेच पाप! सतरा वर्षांचा असताना एका क्लब सामन्यात पंचांनी त्याला फेकी गोलंदाज ठरवून नो-बॉलवर नो-बॉल दिले होते. ते पंच म्हणजे खुद्द त्याचे वडील, रविंद्रराव. नियम म्हणजे नियम, लेक असो नाहीतर देव. त्या दिवसापासून राजसने गोलंदाजी सोडली आणि घरात त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

आता बाबा महिनाभर राहायला आले होते, तर या पठ्ठ्याने आपण काय खेळतो ते त्यांना सांगितलंसुद्धा नव्हतं. पण बायको गप्प बसते होय? दोन गडी बाद झाले, एकच उरला, आणि स्वरांगी सासऱ्यांना घेऊन फलंदाजामागच्या कुंपणाशी हजर! राजसला कानटोपीतले बाबा दिसले.

मग त्याने केलं ते जगातला दुसरा कुठलाही पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, करणार नाही. त्याने हात सरळ ठेवला. चेंडू भलतीकडेच जाऊ लागले. चार चेंडू बाहेर गेले की फलंदाजाला पहिला तळ फुकट मिळतो. तसा तो लागोपाठ तिघांना मिळाला. तिन्ही तळ भरले. आणखी एकाला फुकट सोडलं की समोरच्यांना एक धाव आणि बरोबरी.

चेंडू झेलणारा किअन धावत आला. "हात दुखतोय?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"नाही रे. माझे बाबा आलेत."

"मग ग्रँड, झकास! दाखव की त्यांना."

राजसला स्वतःचाच राग आला. एवढा घोडा झालो, पोराबाळांचा बाप झालो, आणि अजून बापाच्या नजरेने हात आखडतो? बाबा अगदी समोर होते, नजर चुकवायला जागाच नव्हती. त्याने कोपर वाकवलं आणि जीव खाऊन चेंडू फेकला. बॅट हवेत. दुसराही तसाच. तीन हुकले की फलंदाज बाद. तिसरा किअनच्या हातमोज्यात धप्पकन बसला आणि पंच ओरडला, "आऊट!"

एक-शून्य. संघातल्या पोरांनी राजसला लोळवलं. त्यांच्यातून कसाबसा सुटून तो कुंपणाशी गेला.

"काऊन रे," बाबा म्हणाले, "मघाशी हात सरळ कोनासाठी केला होता?"

"तुमच्यासाठी, बाबा."

रविंद्ररावांचे डोळे भरले. "नको करू आता," ते म्हणाले. मग त्यांनी स्वेटरची बाही वर सारली आणि कुंपणावरून हात पुढे केला. "दाखव मले, कसा वाकवतात."

राजसने बापाचं कोपर धरलं आणि हळूच वाकवलं.