फळीवरचा आकडा

कोर्बूच्या डोंगरावर बर्फ कधी आणि कसा पडतो, ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. नोव्हेंबरचा बर्फ सकाळी येतो आणि दुपारी जातो, त्याच्यासाठी कोणी फावडंही बाहेर काढत नाही. डिसेंबरात पूर्वेचा वारा सुटला की कोरडा, पिठासारखा पडतो, पोरांना त्याचा गोळाही वळता येत नाही. जानेवारीत नुसतीच थंडी. सगळी कसर फेब्रुवारी भरून काढतो, तेव्हा ओला, जड बर्फ एका रात्रीत गुडघ्याला लागतो. शहरातून स्की करायला येणारे मोबाइल बघून मलाच सांगतात, की बाई, उद्या ऊन आहे. असेल बाबा, मी म्हणते, तुमच्या मोबाइलमध्ये असेल.

वीस वर्षं मी इथल्या लिफ्टच्या मधल्या ठाण्यावर बर्फ मोजते आहे. ठाण्यामागे फरच्या झाडांच्या आडोशाला पांढरी रंगवलेली एक लाकडी फळी आहे. रोज सकाळी सात वाजता फळीवर साचलेल्या बर्फात पट्टी उभी धरायची, आकडा वहीत लिहायचा, वॉकीटॉकीवर सांगायचा आणि फळी झाडून टाकायची. मोकळ्या उतारावरचा बर्फ वारा कुठून कुठे नेऊन टाकतो, म्हणून भरवसा फक्त फळीवर. एका दिवसात तीस सेंटीमीटरच्या वर गेला की वरचा उतार दोन दिवस बंद. तिथे कोणाची ओळख चालत नाही.

मागच्या फेब्रुवारीत एका सकाळी मी बारा सांगितले. बारा ऐकून उतारांचा प्रमुख गॅव्रिल याने वरचा उतार उघडायचं ठरवलं. लोकांना सोडण्याआधी पाहणीला माझा नवरा गेला, इलारिये. साडेनऊला वरचा सगळा बर्फ सुटला. त्याला बाहेर काढायला दोन वाजले.

मी रडले नाही. चाळिसाव्या दिवशी रिवाजाप्रमाणे गहू शिजवले, साखर-अक्रोड घातले, गावात वाटले. गहू छान झालेत असं लोक म्हणाले आणि मलाही ते पटलं. धक्का बसलाय बिचारीला, उतरेल हळूहळू, असं शेजारची पारास्किवा सगळ्यांना सांगत होती. ते काही उतरलं नाही. यंदा नाताळ कोरडा गेला आणि फेब्रुवारीत चक्क पाऊस पडला. मी रोज सातला सांगत होते, शून्य, शून्य, चार, शून्य. लिफ्टचे लोक हवालदिल झाले होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

चौकशीला आलेल्या साहेबांनी ठरवलं, की फळी बारा सांगत असली तरी प्रमुखाने वारा बघायला हवा होता. गॅव्रिलचं काम गेलं. ईस्टरनंतर कोर्टात उभं राहायचं आहे. गावाने कोर्टाची वाट पाहिली नाही. तो आता लाकडाच्या वखारीत फळ्या रचतो. चर्चमध्ये त्याच्या शेजारी कोणी उभं राहत नाही. पारास्किवा तर तो दिसला की रस्त्यावर थुंकते, माझ्याकरता म्हणे. मी तिला एकदाही अडवलं नाही.

अडवायला हवं होतं. कारण मी सांगितले ते बारा खरे नव्हते. आदल्या संध्याकाळी ठाण्यावर मी एकटीच होते. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून कोणी पाहुणे यायचे होते, म्हणून मी पायऱ्या झाडल्या, वाट झाडली आणि त्याच हातासरशी फळीही झाडून टाकली. घर आवरताना बाईचा हात कुठे थांबतो? झाडण्याआधी सवयीने पट्टी मात्र लावली होती. एकोणीस. सकाळी यात मिळवू, असं मनात म्हटलं आणि आत गेले. सकाळी इलारिये खालून आला, चहा गार आहे म्हणून कुरकुरला, मी त्याच्यावर खेकसले, तेवढ्यात सात वाजले. फळीवर बारा होते. मी बारा सांगितले. एकोणीस आठवले ते वरून आवाज आला तेव्हा.

आमच्याकडे ईस्टरच्या मोठ्या उपासाआधीच्या रविवारी माणसं एकमेकांच्या दारात जाऊन क्षमा मागतात. ज्याच्याकडे मागितली त्याने म्हणायचं, देव तुला क्षमा करो. मग त्यानेही मागायची. नाही कोणी म्हणत नाही, वर्षभराची भांडणंही त्या दिवशी गिळतात. इलारियेला जाऊन वर्ष आणि वर तीन आठवडे झाले होते. त्या रविवारी गॅव्रिल माझ्या दारात आला.

दाढी केलेली, टोपी हातात. मी आत बोलावलं तरी तो उंबऱ्यातच थांबला.

"वहिनी, मागच्या वर्षी यायची हिंमत झाली नाही," तो म्हणाला. "इलारियेला मी वर पाठवलं. मला क्षमा कर."

चार शब्द म्हणायचे होते. तेवढे म्हटले असते, की तो हलका होऊन गेला असता आणि एकोणीस माझ्याबरोबर माझ्या थडग्यात गेले असते. मी तोंड उघडलंही. पण त्याच्या बोटांत वखारीतल्या लाकडाची कुसळं शिरून ती सुजली होती, आणि माझी नजर त्या बोटांवरून हटेना.

"आदल्या संध्याकाळी एकोणीस पडला होता," मी म्हटलं. "मी फळी झाडली आणि सांगायचं विसरले."

त्याने मान खाली घातली. बेरीज त्याने केली, मला त्याच्या ओठांवर दिसली. मग तो आत आला आणि टेबलापाशी उभा राहिला.

"वही कुठेय?"

जुन्या वह्या मी घरीच ठेवते, ठाण्याची मागच्या वर्षाची वही कपाटातून काढली. तो दिवस त्यानेच उघडला आणि बोट ठेवलं.

"लिही. कसं झालं ते सगळं लिही. खाली सही कर."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. त्याने दोनदा वाचलं आणि वही कोटाच्या आत घातली. तो दाराकडे वळला तेव्हा मी रिवाजाचे शब्द म्हटले.

"गॅव्रिल, मला क्षमा कर."

त्याने टोपी घातली. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

"आज नाही, वहिनी," तो म्हणाला. "एवढ्यात जमणार नाही मला."

तो अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेला. मी पायरीवर आले. खाली बसले आणि रडायला लागले. इलारिये मेला होता. गार चहा पिऊन, माझं खेकसणं ऐकून वर गेला होता आणि मेला होता. मी इतक्या मोठ्याने रडत होते, की पारास्किवा पिठाचे हात घेऊन कुंपणाशी धावत आली. रस्त्याने जाणारा गॅव्रिल तिला दिसला आणि ती त्याच्या दिशेने थुंकली.

"काय केलं त्या मेल्याने तुला?"

"थुंकू नकोस," मी म्हटलं. "इकडे ये. तुला सांगते मी काय केलं ते."