मुक्या पडद्याची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी. भात्याला भोकं पडल्यामुळे बोलण्याआधी मला खोकावं लागतं, तेवढं सांभाळून घ्या.

पुण्याच्या एका कारागिराने मला सागवानातून घडवलं आणि हिंदुरावांनी विकत घेतलं. त्यांचा फिरता सिनेमा होता. कधी बारामतीत, कधी इंदापुरात तंबू पडे. चित्रं तेव्हा मुकी होती. माणसं पडद्यावर नुसते ओठ हलवीत, त्यांच्या मनातलं मी बोलत असे. मला बोलतं करणारा होता शेळगावचा इस्माईल. पडद्यावर रिकामा जिना दिसे आणि तो माझा एकच खालचा सूर लांबवत नेई. बाया पदर तोंडाशी धरत. जिन्यावर कोणी नसायचं बरं का! ती भीती आम्ही दोघांनी आणलेली असे. मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

१९३२ साली इंदापुरात हिंदुरावांच्या डोक्यात एक कल्पना आली. खेळाआधी गर्दी जमवायला तंबूबाहेर सनई-ताशेवाले वाजवत. हिंदुराव म्हणाले, "भाईर ह्ये एवढी मानसं गोळा करत्यात, मग आतच का बसवू नये? इस्माईल, आजपास्नं तू मोकळा. पेटी हितंच ठेव."

इस्माईलने मला पुसलं, झाकण लावलं आणि तो मागे जाऊन उभा राहिला. आता आमची कायमची ताटातूट, असंच मला वाटलं.

खेळ सुरू झाला. पडद्यावर एक आई तान्ह्या बाळाला देवळाच्या पायरीवर ठेवून निघाली. ताशेवाल्यांना लग्नाचंच ठाऊक! त्यांनी दणक्यात वरात काढली.

"बाईचं लगीन हाय व्हय?" कोणीतरी ओरडलं आणि तंबू खो खो हसला.

बायकांच्या बाजूने भाजीवाली फुलाबाई ताडकन उठली. "आरं, लेकरू टाकून चाललीया ती! बंद करा त्यो ताशा! पेटीवालं भाऊ कुठं हायती?"

हिंदुरावांनी गोंधळून मागे हात हलवला. इस्माईल धावत आला. त्याने जात्यावरच्या ओवीची चाल धरली, तीही अगदी हळू. बायकांना ती घराघरातली. पडदा तोच, बाई तीच, पण हसू विरलं. हळूहळू बायका गुणगुणू लागल्या. आईने शेवटचं वळून पाहिलं, तेव्हा इस्माईलने बोटं उचलली. मी गप्प झाले. त्या शांततेत तंबूभर हुंदके ऐकू आले.

"मोकळा-बिकळा काय न्हाय," हिंदुराव पटक्याच्या शेवाने डोळे पुसत म्हणाले. "तू हितंच बस."

दोन वर्षांनी बारामतीत बोलपट आला. तेव्हा मात्र आमचं काम खरंच संपलं. हिंदुरावांनी मला इस्माईललाच देऊन टाकलं. मला मांडीवर घेऊन तो बोलपट पाहायला बसला. पडद्यातूनच वाद्यं वाजत होती आणि त्याची बोटं माझ्या झाकणावर हलत होती. नायिकेला रडू फुटणार, इतक्यात संगीत थांबलं. इस्माईलची बोटंही थांबली.

"थांबला बघ वाजिवनारा," तो आनंदाने पुटपुटला. "त्यालाबी कळतंय."

मित्रांनो, इस्माईल आता नाही. मी त्याच्या नातीच्या घरी माळ्यावर असते. सिनेमा पाहताना तुमचा गळा दाटून आला, तर पडद्याआड वाजवणाऱ्याचीही आठवण काढा. आणि तुमच्या घरात एखादी पेटी धूळ खात असेल, तर तिचं झाकण एकदा उघडा. ती आधी खोकेल. घाबरू नका, भाता हलवत राहा.